योसिप्पोन : परक्या भाषेतून परतलेला इतिहास

ग्रंथकर्त्याचे नाव चुकीचे, काळ चुकीचा आणि मूळ भाषेविषयीची समजूतही चुकीची. असे असूनही एखादा ग्रंथ शेकडो वर्षे एका समाजाच्या इतिहासविषयक जाणिवेचा आधार होऊन राहू शकतो. ‘सेफेर योसिप्पोन’ हे मध्ययुगीन हिब्रू इतिवृत्त याचे ठळक उदाहरण होय. बाबेलच्या बुरुजानंतर पृथ्वीवर पांगलेल्या वंशांच्या यादीपासून ते रोमन सैन्याने मसादाचा किल्ला घेईपर्यंतचा यहुदी इतिहास या ग्रंथात सांगितला आहे. हा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकात, जेरुसलेमचे मंदिर जळताना स्वतः पाहणाऱ्या योसेफ बेन गोरिओन नावाच्या याजकाने लिहिला, असे मध्ययुगातील वाचक मानीत. वस्तुतः तो दहाव्या शतकाच्या आसपास दक्षिण इटलीत, जेरुसलेम कदाचित कधीही न पाहिलेल्या एका अनाम यहुदी विद्वानाने, लॅटिन ग्रंथांच्या आधारे रचला. या दोन विधानांमधील अंतर सुमारे नऊशे वर्षांचे आहे. ते अंतर कसे बुजले आणि ते बुजण्यात ग्रंथाच्या वाङ्मयीन गुणांचा वाटा किती, हा योसिप्पोनच्या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

नावाच्या गोंधळापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. यहुदी-रोमन युद्धाचा प्रत्यक्षदर्शी इतिहासकार जोसेफस हा मत्तित्याहूचा पुत्र. त्याचे हिब्रू नाव योसेफ बेन मत्तित्याहू. इ.स. ६७ मध्ये गालीलमधील योतापाता पडल्यावर तो रोमनांच्या हाती लागला, पुढे फ्लाव्हियन सम्राटांच्या आश्रयाने रोममध्ये राहिला आणि तेथे त्याने ग्रीक भाषेत ‘यहुदी युद्ध’ व ‘यहुदी पुराणेतिहास’ हे ग्रंथ सिद्ध केले. योसेफ बेन गोरिओन हा त्याच युद्धातील दुसरा एक पुढारी. जेरुसलेमच्या संरक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली गेली त्यांत त्याचे नाव जोसेफसनेच नोंदवले आहे. मध्ययुगात या दोन योसेफांची सरमिसळ झाली. ‘योसिप्पोन’ हे नाव जोसेफसच्या नावाच्या ग्रीक रूपावरून आलेले आहे. पुढे मात्र दोन इतिहासकारांची कल्पना करून या हिब्रू ग्रंथाचा कर्ता तो ‘धाकटा योसेफ’ अशी व्युत्पत्तीही रूढ झाली. गैरसमजाला आणखी एक आधार मिळाला. युद्धाचा वृत्तांत आपण आधी मातृभाषेत लिहिला होता, असे जोसेफसने प्रस्तावनेत सांगितले आहे. तो मूळ ग्रंथ नष्ट झाला. त्यामुळे हिब्रूतील योसिप्पोन हाच तो हरवलेला मूळ ग्रंथ, असे अनुमान श्रद्धाळूंनाच नव्हे, तर सोळाव्या शतकातील सेबास्टियन म्युन्स्टरसारख्या विद्वान ख्रिस्ती हिब्रूतज्ज्ञालाही पटण्याजोगे वाटले.

इतिहासक्रम प्रत्यक्षात नेमका उलटा आहे. यहुदी माणसाने ग्रीकमध्ये लिहिलेला इतिहास यहुदी समाजाने जतन केला नाही. रोमनांना शरण गेलेल्या माणसाचे ते लेखन होते आणि रब्बींच्या परंपरेला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते. ते ग्रंथ सांभाळले ख्रिस्ती चर्चने. ‘पुराणेतिहासा’चे लॅटिन भाषांतर सहाव्या शतकात कॅसिओडोरसच्या प्रेरणेने, दक्षिण इटलीतील त्याच्या व्हिव्हारियम मठाच्या परिसरात सिद्ध झाले. ‘यहुदी युद्धा’चे एक मुक्त लॅटिन रूपांतर त्याही आधी, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात झाले होते. ते हेगेसिप्पस या नावाने ओळखले जाते. आणि हेगेसिप्पस हे नावसुद्धा बहुधा ‘जोसेफस’चाच अपभ्रंश आहे. योसिप्पोनकारापुढे प्रामुख्याने होते ते हे दोन लॅटिन ग्रंथ. त्यांच्या जोडीला मक्काबी ग्रंथांसह लॅटिन बायबल होते. ग्रीक जोसेफस त्याच्यासमोर नव्हता. म्हणजे एका यहुद्याने परभाषेत लिहिलेला स्वजनांचा इतिहास परधर्मीयांच्या भाषेत गेला, त्यांच्या धर्मविचाराचे पुट घेऊन तेथे राहिला आणि काही शतकांनी दुसऱ्या एका यहुद्याने तो हिब्रूत आणला. भाषांतराच्या इतिहासात असा वळणावळणाचा परतीचा प्रवास विरळाच.

हा प्रवास दक्षिण इटलीतच का पुरा व्हावा, याचे उत्तर त्या प्रदेशाच्या सांस्कृतिक घडणीत आहे. दहाव्या शतकात हा भूभाग मुख्यतः बायझंटाइन साम्राज्याचा. त्याच्या सीमेवर लॉम्बार्ड संस्थाने, नेपल्ससारखी डची आणि समुद्रापलीकडे सिसिलीत अरबांची सत्ता. ग्रीक, लॅटिन, अरबी आणि हिब्रू या चारही भाषा येथे एकमेकींच्या कानांवर पडत. बारी, ओत्रांतो, ओरिया आणि वेनोसा येथील यहुदी वसाहती जुन्या व विद्यासंपन्न होत्या. वेनोसाच्या थडग्यांवरील लेखांत ग्रीक-लॅटिनची जागा हळूहळू हिब्रू घेते, हा भाषिक पुनरुज्जीवनाचा शिलारूप पुरावाच होय. याच काळात ओरियाचा शब्बेताई दोन्नोलो (जन्म ९१३) वैद्यकावर हिब्रूत ग्रंथ लिहीत होता. १०५४ मध्ये अहिमाआत्सने आपल्या घराण्याचे इतिवृत्त यमकयुक्त हिब्रू गद्यात रचले. परंतु या विद्येला भयाची छाया होती. नवव्या शतकात सम्राट बासिल पहिला आणि दहाव्यात रोमानोस लेकापेनोस यांनी यहुद्यांवर सक्तीच्या बाप्तिस्म्याचे हुकूम काढले. ९२५ मध्ये ओरिया लुटले गेले आणि बारा वर्षांचा दोन्नोलो बंदिवानांत होता. ‘रोम’ हा शब्द या लेखकाला केवळ पुरातन नव्हता. बायझंटियमचे लोक स्वतःला रोमनच म्हणवीत.

ग्रंथाच्या निश्चित काळाविषयी मतभेद आहेत. एका हस्तलिखितात मंदिराच्या विध्वंसानंतर ८८५ व्या वर्षाचा उल्लेख येतो. यहुदी कालगणनेनुसार विध्वंस इ.स. ६८ मधला, म्हणून हे वर्ष ९५३ ठरते. डेव्हिड फ्लुसर (१९१७–२०००) यांनी ते रचनेचे वर्ष मानले; नंतरच्या काही अभ्यासकांना ते नकलेचे वर्ष वाटते आणि रचना थोडी आधीची असावी असे त्यांचे मत आहे. आरंभीच्या वंशयादीत खजार, पेचेनेग, बल्गार, हंगेरियन यांसारखे मध्ययुगीन समूह नोहाच्या वंशजांत गुंफलेले आढळतात. पहिल्या शतकातल्या लेखकाला या नावांचा पत्ता असण्याची शक्यता नव्हती. ज्या पानांत ग्रंथ आपल्या प्राचीनत्वाचा आव सर्वाधिक आणतो, नेमक्या त्याच पानांत त्याचे खरे वय उघडे पडते.

या वंशयादीनंतर येते इटलीची मूळकथा. एसावचा नातू त्सेफो मिसरातील बंदिवासातून निसटतो, कार्थेजच्या राजाकडे आश्रय घेतो, तेथून इटलीत येऊन एका अक्राळविक्राळ पशूचा वध करतो आणि तेथील लोकांचा राजा होतो. एनिअस, जेनस, सॅटर्न ही रोमन पुराणांतील नावे येथे बायबलमधील कुळांशी बेमालूम सांधली आहेत. वरवर पाहता हा कल्पनाविलास वाटतो. पण त्यामागे रब्बींच्या साहित्यातील एक जुना संकेत आहे. तेथे रोमला ‘अदोम’, म्हणजे एसावाचे कूळ, म्हटले जाते. योसिप्पोनकाराने या संकेताला वंशावळीचे रूप दिले. रोम आणि जेरुसलेम यांचे वैर अशा रीतीने एसाव आणि याकोब या जुळ्या भावांच्या वैराचा शेवटचा अंक ठरते. इतिहासाच्या आरंभी सांगितलेली ही भाऊबंदकी शेवटच्या प्रकरणापर्यंत ग्रंथाचा आकृतिबंध तोलून धरते.

पुढील कथन दानीएल, कोरेश, जरूब्बाबेल, एस्तेर यांच्यावरून अलेक्झांडरपर्यंत येते. जेरुसलेमच्या वेशीवर अलेक्झांडर प्रमुख याजकाला वंदन करतो तो प्रसंग येतो. नियमशास्त्राचे ग्रीक भाषांतर, अंतियोखसचा छळ, मक्काबींचा उठाव, हास्मोनी घराण्यातील यादवी, हेरोदाच्या राजवाड्यातील खुनांची मालिका आणि अखेर रोमशी युद्ध, असा क्रम लागतो. यातील मक्काबी प्रकरणाचे महत्त्व विशेष आहे. मक्काबींचा ग्रंथ हिब्रू पवित्र शास्त्रात समाविष्ट नव्हता. तालमूदमध्ये हनुक्का सणाच्या संदर्भात तेलाच्या कुपीचा चमत्कार येतो. लढायांविषयी आणि यहूदा मक्काबीविषयी मात्र तेथे फारसे काही नाही. सण घरोघरी चालू होता, दिवे लागत होते. पण ज्या युद्धाच्या स्मरणार्थ ते लागत त्याचा वृत्तांत हिब्रू वाचकाला सविस्तर मिळत नव्हता. योसिप्पोनने तो ख्रिस्ती बायबलमधून उचलून परत आणला. नियमशास्त्रासाठी प्राण देणारी सात मुलांची आई मक्काबी ग्रंथात निनावी आहे. योसिप्पोनच्या पुढील विस्तृत संहितेत तिला ‘हन्ना’ हे नाव मिळाले आणि यहुदी लोकस्मृतीत ती त्याच नावाने स्थिरावली. स्मृतीला नाव लागते, चेहरा लागतो. इतिवृत्ताचे कार्य केवळ माहिती पुरवण्याचे नसते, हे यावरून दिसते.

योसिप्पोनकाराची खरी कसोटी मात्र हेगेसिप्पसच्या बाबतीत लागते. हेगेसिप्पसचा हेतू इतिहासकथनाचा कमी आणि खंडनाचा अधिक आहे. यहुद्यांनी ख्रिस्ताला नाकारले, वधस्तंभी दिले, म्हणून देवाने त्यांचे नगर व मंदिर नष्ट केले, हे त्याचे प्रतिपाद्य. जेरुसलेमचा प्रत्येक भुकेलेला माणूस त्याला या न्यायाचा पुरावा वाटतो. ज्या ग्रंथाने आपल्या पूर्वजांच्या यातना या रीतीने वाचल्या, त्याच ग्रंथावाचून पूर्वजांचा इतिहास कळण्याचा दुसरा मार्ग नाही, अशा पेचात हा लेखक सापडलेला होता. त्याने वाद घातला नाही, उत्तर दिले नाही. त्याने वृत्तांत ठेवला आणि त्यावर लादलेला निवाडा काढून टाकला. वेढ्यातील दुष्काळात एक माता स्वतःचे मूल भाजून खाते, तो भीषण प्रसंग जोसेफसमध्ये आहे, हेगेसिप्पसने तो भाषणबाजीने फुगवलेला आहे आणि योसिप्पोनमध्येही तो आहे. परंतु हिब्रूत तो सांगितला जाताच त्याचा संदर्भ बदलतो. हिब्रू वाचकाला तेथे ‘विलापगीत’ आठवते. पहिल्या मंदिराच्या विध्वंससमयी आपली लेकरे शिजवणाऱ्या मातांचा तेथील उल्लेख आठवतो. लॅटिनमध्ये आरोपपत्रातील कलम असलेला प्रसंग हिब्रूत शोकाचा भाग होतो. शब्द फारसे न बदलता अर्थ बदलण्याचे हे सामर्थ्य भाषेच्या साठवणीतून येते, आणि ते ओळखण्यात या लेखकाची प्रतिभा आहे.

दोष मात्र त्याने झाकलेला नाही. यरुशलेमच्या नाशाचे कारण तालमूद एका मेजवानीतील अपमानाच्या कथेत शोधते. कम्त्सा आणि बार कम्त्सा यांची ती बोधकथा निष्कारण द्वेषाची शिकवण देते. योसिप्पोनमध्ये कारणमीमांसा राजकीय आहे. हास्मोनी भावांचे भांडण रोमनांना दारात आणते. वेढा पडलेला असताना तीन गट एकमेकांची कोठारे जाळतात. मंदिराच्या प्रांगणात यहुद्यांचे रक्त यहुद्यांच्याच हातून सांडते. या बाबतीत लेखक जोसेफसचा वारसदार आहे. साम्राज्याशी लढणे म्हणजे देवाने ज्यांच्या हाती सत्ता दिली त्यांच्याशी लढणे, हा जोसेफसचा युक्तिवाद तो मान्य करतो. आणि त्याच लेखणीने तो मक्काबींच्या तलवारीचे गुणगान करतो. ही विसंगती काही अभ्यासकांना खटकली आहे. परंतु बायझंटाइन प्रजाजन म्हणून जगणाऱ्या, कोणत्याही दिवशी बाप्तिस्म्याचा हुकूम निघू शकेल अशा समाजातील माणसाला हे दोन्ही धडे एकाच वेळी हवे होते : राज्याशी भांडू नये, आणि धर्मावर घाला आला तर वाकू नये. ग्रंथातील विसंगती ही त्या जीवनाचीच विसंगती होती.

योसिप्पोनची भाषा हा त्याच्या यशाचा दुसरा आधार. लेखकाने आपल्या काळातील रब्बींची मिश्र हिब्रू बाजूला ठेवली आणि शमुवेल, राजे या ग्रंथांची जुनी कथनशैली स्वीकारली. छोटी वाक्ये, उभयान्वयी अव्ययांनी जोडलेल्या क्रिया, कृतीला प्राधान्य, वर्णनाला काटकसर आणि निर्णायक क्षणी दीर्घ भाषण, अशी ही रीत आहे. यातील भाषणे ग्रीक-रोमन इतिहासलेखनाची देणगी. पण ती बोलणारी जीभ संदेष्ट्यांची आहे. परिणाम असा होतो की टायटस वाचताना नबुखद्नेस्सर आठवतो, रोमन सेनापतींच्या मागे अश्शूरचे सरदार उभे राहतात आणि दुसऱ्या मंदिराचा विध्वंस ‘राजे’ ग्रंथाचे पुढील प्रकरण वाटू लागतो. बायबलमधील इतिहास जेथे थांबतो तेथून वनवासापर्यंतचा काळ हिब्रू गद्यात जवळजवळ रिकामा होता. दुसऱ्या शतकातील ‘सेदेर ओलाम’ ही कालगणना; तेथे कथन नाही. ही पोकळी योसिप्पोनने शास्त्राच्याच भाषेत भरून काढली. योसेफ हायिम येरुशाल्मी यांनी १९८२ मध्ये ‘झाखोर’ या ग्रंथात, मध्ययुगीन यहुद्यांनी भूतकाळाचे स्मरण विधी व प्रार्थनेतून केले, इतिहासलेखनातून क्वचितच केले, असा सिद्धांत मांडला. त्या सिद्धांताला योसिप्पोन हा मोठा अपवाद आहे. आणि तो अपवादही वाचकांनी पवित्र वाङ्मयाच्या सावलीत बसूनच वाचला, हे पाहता सिद्धांताला अंशतः पुष्टी देणारा आहे. शब्बाथच्या दिवशी युद्धकथा वाचू नयेत असा दंडक असताना उत्तरकालीन धर्मशास्त्रकारांनी योसिप्पोनला त्यातून सूट दिली, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

ग्रंथाच्या शेवटी मसादा येते आणि येथे योसिप्पोनकार आपल्या आधारग्रंथांपासून स्पष्टपणे फारकत घेतो. जोसेफसच्या वृत्तांतात किल्ल्यातील पुरुष आपल्या बायकामुलांना ठार करतात, मग चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारतात आणि शेवटचा स्वतःला मारून घेतो. एकूण ९६० माणसे मरतात. लपून बसलेल्या दोन स्त्रिया व पाच मुले वाचतात आणि घडलेले सांगतात. योसिप्पोनमध्ये स्त्रिया व मुले मारली जातात. पुरुष मात्र आत्महत्या करीत नाहीत. ते किल्ल्याबाहेर पडून रोमनांवर तुटून पडतात आणि सगळे लढता लढता मरतात. धर्मशास्त्राला आत्महत्या मान्य नाही, म्हणून हा बदल झाला असे स्पष्टीकरण दिले जाते. शेवट वीरोचित व्हावा ही इच्छाही त्यात असणार. परंतु या बदलाची किंमत कोणी मोजली, हे टीकाकाराने पाहिलेच पाहिजे. पुरुषांचा मृत्यू रणांगणात नेऊन शुद्ध करण्यात आला. स्त्रियांचा आणि मुलांचा मृत्यू होता तेथेच राहिला. उलट जोसेफसचा वृत्तांत उभा आहे तो जिवंत राहिलेल्या दोन स्त्रियांच्या साक्षीवर. कथेला गौरव देण्याच्या भरात तिच्यातील साक्षीदारांचे स्थान कसे डळमळते, याचा हा नमुना आहे. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या झुंडींनी ऱ्हाइनकाठच्या वर्म्स, माइन्झ येथील यहुदी वस्त्यांना वेढले, तेव्हा अनेकांनी सक्तीच्या धर्मांतरापेक्षा आपल्या कुटुंबीयांना व स्वतःला संपवणे पसंत केले. त्या प्रसंगांच्या हिब्रू वृत्तांतांवर योसिप्पोनमधील बलिदानाच्या चित्रणाची छाप अभ्यासकांना जाणवली आहे. तसे असेल, तर जुन्या युद्धाची गोष्ट सांगणारा हा ग्रंथ नव्या संकटात काय करावे हेही सांगत होता, असे म्हणावे लागते. ग्रंथाचे हे सामर्थ्य आदरणीय आहे, तसेच ते अस्वस्थ करणारेही आहे.

योसिप्पोनचा पुढील प्रवास एका संहितेचा नसून अनेक संहितांचा आहे. मूळ लेखकाने आपण योसेफ बेन गोरिओन आहोत असा दावा केल्याचे दिसत नाही. योसेफच्या ग्रंथातून आणि इतर ग्रंथांतून आपण हे संकलन केले, अशीच त्याची भूमिका होती. पुढील संपादकांनी मजकुरात भर घातली, निवेदनाला प्रथमपुरुषी रूप दिले आणि योसेफ स्वतःच बोलू लागला. चौदाव्या शतकात यहूदा लेओन मोस्कोनी याने विविध हस्तलिखिते जमवून, प्रस्तावना जोडून विस्तृत संहिता तयार केली. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात मांतुआ येथे अब्राहम कोनात याने ग्रंथ छापला. १५१० मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे विस्तृत संहिता प्रसिद्ध झाली आणि पुढील शतकांत तीच अधिक प्रचलित झाली. बनावट कर्तृत्वाचा दोष मूळ लेखकाच्या माथी मारण्याआधी हा क्रम लक्षात घ्यायला हवा. ग्रंथाला खोटे नाव मिळाले ते लेखकाच्या लबाडीने नव्हे; वाचकांना प्रत्यक्षदर्शी हवा होता, म्हणून.

हिब्रूबाहेरही ग्रंथाला मोठे आयुष्य लाभले. अकराव्या शतकापर्यंत त्याचे अरबी रूपांतर झालेले होते आणि ते यहुद्यांपुरते मर्यादित राहिले नाही. मिसरातील कॉप्ट ख्रिश्चनांनी ते वाचले. इब्न खल्दून (१३३२–१४०६) याने आपल्या विश्वेतिहासात दुसऱ्या मंदिराच्या काळासाठी ‘युसुफ इब्न कुर्यून’चा आधार घेतला. अरबीतून तो इथिओपियाच्या गीझ भाषेत ‘झेना आयहूद’, म्हणजे ‘यहुद्यांची वार्ता’, या नावाने गेला आणि तेथील चर्चच्या विस्तृत शास्त्रसंग्रहात त्याची गणना झाली. १५४१ मध्ये म्युन्स्टरने बाझेल येथे लॅटिन भाषांतर छापले, १५४६ मध्ये झुरिच येथे यिडिश आवृत्ती निघाली आणि १५५८ मध्ये पीटर मॉर्विन याने संक्षिप्त इंग्रजी भाषांतर केले. जोसेफसच्या ग्रंथांचे थॉमस लॉज याने केलेले इंग्रजी भाषांतर त्यानंतर ४४ वर्षांनी, १६०२ मध्ये आले. म्हणजे मधल्या काळात सामान्य इंग्रज वाचकाचा ‘जोसेफस’ बव्हंशी योसिप्पोनच होता. लॅटिनमधून हिब्रूत आणलेला इतिहास हिब्रूतून पुन्हा लॅटिनमध्ये ‘मूळ’ म्हणून गेला, हा दैवाचा खेळच म्हणावा लागेल.

या इतिहासाचा एक धागा कोकणापर्यंतही येतो. मराठी ही ज्यांची मातृभाषा, त्या बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या व १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समाजेतिहासात हे स्थलांतर अंतियोखस एपिफानेसच्या छळाच्या काळातील, सुमारे इ.स.पूर्व १७५ चे, असावे असा तर्क केला आहे. या समाजात पूर्वी हनुक्का पाळला जात नसे, ही गोष्ट अशा तर्काच्या पुष्ट्यर्थ सांगितली जाते. परंपरेला दस्तऐवजी पुरावा मागणे येथे शक्य नाही. परंतु अंतियोखसच्या काळाचे जे प्रकरण योसिप्पोनने हिब्रू वाचकाला परत दिले, त्याच प्रकरणात शनिवार पाळणाऱ्या कोकणातील तेल्यांच्या या समाजाने आपले मूळ शोधावे, हा योग अर्थपूर्ण आहे. आपण कोठून निघालो हे सांगता येण्यासाठी प्रत्येक विखुरलेल्या समाजाला एक इतिवृत्त लागते.

ग्रंथाच्या अस्सलपणाविषयी शंका सोळाव्या शतकापासूनच व्यक्त होऊ लागल्या. अझर्या देई रोस्सी याने १५७० च्या दशकात ग्रीक-लॅटिन जोसेफसशी योसिप्पोनची तुलना केली. जोसेफ स्कॅलिजर (१५४०–१६०९) याने त्याच्या प्राचीनत्वावर कठोर टीका केली. नंतरच्या चिकित्सक पंडितांना हा ग्रंथ जोसेफसची भ्रष्ट नक्कल वाटू लागला. त्याला स्वतंत्र साहित्यकृतीचा दर्जा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने फ्लुसर यांच्या १९७८ ते १९८० या काळात जेरुसलेम येथे दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या चिकित्सक आवृत्तीकडे जाते. हस्तलिखितांची छाननी करून त्यांनी उत्तरकालीन भर वेगळी काढली आणि मूळ लेखकाचा आवाज ऐकू येईल इतपत संहिता शुद्ध केली. स्टीव्हन बोमन यांचे त्या संहितेवर आधारलेले इंग्रजी भाषांतर २०२३ मध्ये प्रकाशित झाल्याने हिब्रू न जाणणाऱ्या अभ्यासकांनाही ती वाट मोकळी झाली आहे.

इतिहासाचे साधन म्हणून पहिल्या शतकाविषयी योसिप्पोन फारसे काही नवे सांगत नाही, हा पंडितांचा निर्णय मान्य करावाच लागेल. त्याच्या मूल्याचे मोजमाप मात्र दुसऱ्या मापाने व्हायला हवे. बखरींच्या अभ्यासातून मराठी वाचकाला एक गोष्ट ठाऊक आहे : बखरीतील तपशील तपासून घ्यावे लागतात, पण ती लिहिणाऱ्या पिढीला भूतकाळाकडून काय हवे होते, हे बखरीइतके नेमके दुसरे साधन सांगत नाही. योसिप्पोनकाराला हवे होते ते आपल्या लोकांच्या पराभवाचे आपल्या भाषेतले वर्णन. तोवर ते केवळ विजेत्यांच्या ग्रंथालयात उपलब्ध होते आणि तेथे प्रत्येक पानावर निकाल लिहिलेला होता. त्याने ती पाने उघडली, निकाल पुसला, शोक ठेवला, चुका ठेवल्या आणि खाली आपले नाव लिहिले नाही. पुढच्या पिढ्यांनी त्या रिकाम्या जागी एका मृत प्रत्यक्षदर्शीचे नाव लिहिले. आज ते नाव खोडले गेले आहे आणि जागा पुन्हा रिकामी आहे. परंतु ग्रंथ वाचताना त्या जागी कोणीतरी बसलेला आहे, लॅटिन पोथी समोर ठेवून हिब्रू शब्द जुळवीत आहे, याची जाणीव वाचकाला होत राहते.